एका हंगामाची गाणी कोणी जपायची?

नव्वदच्या दशकातली गाणी परत आली म्हणतात, आणि ते खरंच आहे. लातूरला, नांदेडला, संभाजीनगरात लग्नातलं संगीत असो की हॉटेलातली शनिवारची संध्याकाळ, त्या दहा वर्षांतलं गाणं लागलं की पन्नाशीतली माणसं आणि त्यांची विशीतली मुलं एकदमच उठतात. पण चार दिवस जरा कान देऊन ऐका. फिरून फिरून तीच तीस-चाळीस गाणी असतात. बहुतेक हिंदी सिनेमातली आणि मुंबईच्या मोजक्या कंपन्यांच्या मालकीची. या कंपन्यांकडे मूळ ध्वनिमुद्रण शाबूत होतं, हक्काचे कागद होते, सगळं संगणकात चढवायला पैसा होता. आपल्या आठवणींनी ही गाणी परत आणली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ज्यांच्या गोदामात ती होती, त्यांनी ती पुन्हा विकायला काढली.

मग त्याच वर्षांत तुळजापूरला देवळाच्या वाटेवर दुकानादुकानातून ऐकू येणारी आराधी गाणी कुठे गेली? माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत विकली जाणारी वाघ्या-मुरळीची गाणी, परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उर्सात वाजणाऱ्या कव्वाल्या, संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटसमोर नामविस्तार दिनी, १४ जानेवारीला, हातगाड्यांवरून लावलेली भीमगीतं, नांदेडच्या हुजूर साहिबच्या परिसरात मिळणारं शबद कीर्तन, आणि ज्याचं नाव कोणालाच नीट सांगता येत नाही पण चाल आजही ओठांवर येते असं एखादं लग्नातलं गाणं? ही सगळी त्या काळात गाजलेलीच गाणी होती. फार मोठी नव्हेत, लहान प्रमाणावर गाजलेली. 'नाइंटीज'च्या कुठल्याही यादीत ती नाहीत.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही गाणी बाजार परत आणणार नाही, कारण त्यात त्याला मिळकत नाही. आपल्या आठवणींच्या भरवशावरही ती टिकणार नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयं पुस्तकं जपतात, तशी त्यांनी या कॅसेट गोळा करून जपायला हव्यात आणि मराठवाड्यातल्या संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी त्यांच्या पाठीशी उभं राहायला हवं. हे काम फार दिवस थांबू शकणार नाही.

'लहान प्रमाणावर गाजलेलं' म्हणजे काय, ते आधी सांगतो. मुंबईत गाणं गाजलं की त्याच्या खपाचे आकडे छापून येत. आपल्याकडे गाणं एका तालुक्यात, एका हंगामात गाजायचं. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आणि ट्रॅक्टरवरच्या टेपमध्ये त्या वर्षीची कॅसेट असायची. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात वाजायची आणि उन्हाळ्यात परत येईस्तोवर घासून गेलेली असायची. पुढच्या वर्षी नवी कॅसेट. लग्नसराईची गाणी वेगळी, १४ एप्रिलच्या जयंतीची वेगळी, नवरात्राची वेगळी. कोणतं गाणं चाललं आणि कोणतं पडलं, हे लाऊडस्पीकरवाल्याला सगळ्यात आधी कळायचं. मांडव, भोंगे आणि कॅसेटची पत्र्याची पेटी घेऊन तो वाडी-वस्तीवर फिरायचा. 'ते लावा की, मागच्या लग्नात लावलं होतं ते,' हीच त्याच्याकडची लोकप्रियतेची मोजणी. आकाशवाणीच्या परभणी आणि औरंगाबाद केंद्रांवर फर्माइशी यायच्या, गावागावातल्या श्रोत्यांची नावं वाचली जायची. पण स्टँडवरच्या कॅसेटमधली गाणी तिथपर्यंत क्वचितच पोहोचत. म्हणजे त्या गाण्यांची नोंद तिथेही नाही.

ही गाणी निघाली कशी, तेही पाहिलं पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी काढायला कारखाना लागायचा. कॅसेटला एक बरा स्टुडिओ आणि प्रती काढायचं यंत्र पुरे होतं. भांडवल एवढं उतरल्यावर, ज्यांना तबकडीच्या काळात कोणी दारातही उभं केलं नसतं असे गायक, शाहीर, कव्वाल, भजनी मंडळं ध्वनिमुद्रित झाली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हेच दाखवून दिलं: कॅसेटमुळे सिनेसंगीताची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतलं, जातीजमातींचं, लहान लहान प्रदेशांचं संगीत बाजारात आलं. मराठवाड्यालाही हे तंतोतंत लागू पडतं. इथे त्यासोबत आणखी एक गोष्ट होती. तालुक्याच्या गावी रेकॉर्डिंग सेंटर असायचं. कागदावर यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरून घ्यायची. त्या भरलेल्या कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलेली यादी म्हणजे त्या घराच्या आवडीचा पुरावाच. एका बाजूला हिंदी प्रेमगीतं, दुसऱ्या बाजूला भीमगीतं किंवा देवीची गाणी, शेवटी जागा उरली म्हणून एखादी कव्वाली. मराठवाड्यातला माणूस काय काय ऐकत होता, हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याला या याद्यांइतकं खरं साधन दुसरं मिळणार नाही.

यातला सर्वात मोलाचा ठेवा मला नामांतराच्या गाण्यांचा वाटतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं मारली गेली. नामविस्तार, म्हणजे मूळ नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणं, झालं ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांचा इतिहास वर्तमानपत्रांच्या फायलींमध्ये आहे, पुस्तकांमध्ये आहे. पण वस्तीवर तो पोहोचला आणि टिकला तो गाण्यांतून. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नामांतराच्या लढ्यात प्राण गेलेल्यांची नावं कित्येकांच्या कानावर पहिल्यांदा गाण्यातूनच पडली. ती गाणी शाळेच्या पुस्तकात आली नाहीत, रेडिओवरही सहजासहजी लागली नाहीत. कॅसेटवरच ती जगली. आज नामविस्तार दिनी गेटसमोर तरुण पोरं मोबाइलवर गाणी लावतात, पण त्यातली बहुतेक गेल्या काही वर्षांत डीजेसाठी नव्याने बांधलेली असतात. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या गाण्यांनी आईबापांना उभं केलं, ती त्या पोरांना ऐकायला मिळू नयेत, हा सरळ सरळ अन्याय आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या पिढीने दुःख कसं बोलून दाखवलं, हेही कधीतरी कोणी शोधू जाईल. तेव्हा सरकारी अहवालांच्या जोडीला त्याला गाणी मिळायला हवीत.

आता, आपल्याकडे लोकांचं गाणं जपलंच गेलं नाही असं मात्र नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं जे काम उभं केलं, त्यातून महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या, कित्येक ध्वनिमुद्रित झाल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ साली म्हटलेल्या ओव्या आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतात, त्यांच्या आवाजात आणि त्यांच्या नावानिशी. हे काम पाहून मन भरून येतं. पण मग विचार येतो: त्याच माजलगावात, त्याच वर्षी, स्टँडवरच्या दुकानात जी कॅसेट खपत होती, ती कोणी ठेवली? ओवी ही परंपरा, म्हणून अभ्यासकाने टेपरेकॉर्डर घेऊन तिच्या दारात जायचं. कॅसेटवरचं गाणं मात्र बाजारू, म्हणून त्याच्याकडे पाहायचंही नाही. लोकसंगीताच्या अभ्यासकांना ते पुरेसं शुद्ध वाटलं नाही आणि भावगीताच्या रसिकांना पुरेसं सुसंस्कृत वाटलं नाही. जात्यावर गाणारी बाई आणि टेपवर कॅसेटचं गाणं ऐकणारी तिची सून एकाच घरातल्या होत्या, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

उलट उदाहरणही बघा. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर यांची 'मुक्ता' या १९९४ च्या चित्रपटातली गाणीही काही घरोघर गाजली नव्हती. तरी ती आजही सापडतात. कवीचं, संगीतकाराचं, गायकांचं नाव लागलेलं आहे, लेख लिहिले गेले आहेत. गाणी थोर आहेतच, पण ती टिकली त्यामागे नोंदीचा वाटा मोठा आहे. नोंद झाली की लहान प्रमाणात गाजलेलं गाणंही वाचतं.

यावर जे आक्षेप घेतले जातात, तेही पाहू. यातली निम्मी गाणी हिंदी सिनेमाच्या चालीवर बेतलेली होती, असं म्हणतात. होती. गाण्यांच्या छोट्या पुस्तिकांमध्ये तर 'चाल' म्हणून मूळ गाणं उघड छापलेलं असायचं. त्यात लपवालपवी नव्हती. लोकांच्या कानात बसलेली चाल घ्यायची आणि तिच्यात आपलं म्हणणं भरायचं, ही शाहिरी जलशापासूनची रीत आहे. मला स्वतःला त्यात गाणाऱ्याची बुद्धी दिसते: नायिकेच्या पैंजणांवर रचलेल्या चालीवर शिक्षणाचं महत्त्व सांगायचं आणि ऐकणाऱ्याला ते रुचवायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. काही गाणी दुहेरी अर्थाची होती, काही बायकांना खाली पाहायला लावणारी होती. तीही ठेवली पाहिजेत, माझ्या मते. संग्रहात ठेवणं म्हणजे हार घालणं नव्हे. त्या काळात काय विकलं जात होतं हे उद्याच्या मुलींनी तपासायचं ठरवलं, तर पुरावा हाताशी असायला हवा.

तिसरा आक्षेप मोठा आहे: आता सगळं यूट्यूबवर असतं, मग ग्रंथालय कशाला? गावोगावच्या हौशी माणसांनी घरातल्या कॅसेट चढवल्या आहेत आणि त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण तिथे गाणं कोणाच्या तरी मर्जीवर असतं. गायकाचं नाव बऱ्याचदा चुकीचं असतं आणि ढोलकी, संबळ, हार्मोनियम वाजवणाऱ्यांचं तर नसतंच. आवाज दोनदा-तीनदा दाबून बारीक झालेला असतो. एखाद्याने मालकीचा दावा लावला की गाणं एका रात्रीत गायब होतं, किंवा जाहिरातीचे पैसे दावा लावणाऱ्याच्या खात्यात जाऊ लागतात. तो दावा खरा आहे की नाही हे पाहायला गायकाच्या घरचं कोणी पोहोचू शकत नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तर हक्कदार म्हणून कोणीतरी पुढे आल्याशिवाय गाणं चढतच नाही. कॅसेट काढणारा बंद पडला, त्याच्या मुलांनी मोबाइलचं दुकान टाकलं. आता हक्कदार म्हणून पुढे यायचं कोणी?

इथे कायद्याचा विचार करावाच लागतो आणि तो वाटतो तितका रूक्ष नाही. भारतात पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने त्याच्या प्रती चार मोठ्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. त्यातलं एक मुंबईत आहे. हा कायदा पुस्तकं आणि नियतकालिकांपुरता आहे. कॅसेट कुठेच जमा करावी लागत नव्हती. म्हणून लातूरात छापलेली चार पानी कवितांची पुस्तिका कदाचित कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असेल, पण त्याच वर्षी हजारो घरांत वाजलेली कॅसेट देशातल्या एकाही कपाटात असेलच असं सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं चालतो. म्हणजे १९९४ सालच्या कॅसेटचं ध्वनिमुद्रण सर्वांसाठी खुलं होणार २०५५ उजाडल्यावर. तोवर ती टेप वाजणार नाही आणि ते गाणं ओळखणारं माणूसही उरणार नाही.

मालक सापडत नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१अ खाली परवाना मागता येतो. त्यासाठी आधी देशाच्या बहुतेक भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. येरमाळ्याच्या येडाई देवीच्या गाण्यासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात! ज्याला हरकत घ्यायची आहे तो ती कधी वाचणार नाही आणि ज्याला गाणं वाचवायचं आहे त्याला तो खर्च झेपणार नाही. हा नियम बदलायला हवा. निदान त्या त्या भाषेतलं स्थानिक दैनिक चालावं, एवढी मागणी आपल्या खासदारांनी लावून धरायला काय हरकत आहे?

पण त्याच कायद्यात एक दार उघडं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची मूळ, संगणकीय नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी तिची संगणकीय प्रत करून ठेवायला कलम ५२ मुभा देतं. अट महत्त्वाची आहे: मूळ प्रत ग्रंथालयाकडे हवी. म्हणजे मूळ कॅसेट कोणाच्या तरी माळ्यावर राहून उपयोग नाही. ती ग्रंथालयाच्या नोंदवहीत दाखल झाली की जतनाचं काम त्याच दिवशी कायदेशीर होतं. ते गाणं जगभर वाटता येणार नाही, हे कबूल. पण गाणं मेलं नाही, तर वाटण्याचा प्रश्न पुढे कधीतरी सोडवता येईल.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. मराठवाड्यात प्रत्येक जिल्ह्यात शासकीय ग्रंथालय आहे, तालुक्या-तालुक्यात अनुदानित वाचनालयं आहेत. संभाजीनगरचं विद्यापीठ आहे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे ऐन या गाण्यांच्या भरात जन्मलं. मराठी, संगीत, इतिहास, पत्रकारिता, नाट्यशास्त्र, सगळ्या विषयांचे विद्यार्थी आहेत. एकेका विद्यार्थ्याने आपापल्या तालुक्यातल्या एका लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीवर प्रकल्प केला, तर चार वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेशिवाय अख्ख्या विभागाची यादी तयार होईल.

यंत्राचा प्रश्न खरा घाईचा आहे. टेपवरचं चुंबकीय द्रव्य सुटतं, दमट जागी बुरशी धरते, कॅसेटमधली फेल्टची गादी निखळते. पण टेप बरी असूनही वाजवायला यंत्र नाही, अशी वेळ आधी येते. सोनीने जपानात कॅसेटचा वॉकमन बनवणं २०१० सालीच थांबवलं. चुंबकीय टेपवरचा ठेवा २०२५ च्या आसपास वाजवणं अशक्य होत जाईल, असा इशारा ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि युनेस्को यांनी दिला होता. ती मुदत आता सरली आहे. आपल्या गावातला टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा म्हातारा अजून दुकानात बसत असेल, तर हेड साफ करणं, बेल्ट बदलणं, तुटलेली टेप जोडणं हे त्याच्याकडून शिकून घ्यायला आता जितका वेळ आहे तितकाच आहे. विद्यापीठांनी अशा कारागिरांना मानधन देऊन बोलवावं. जतनाचं तंत्र पुस्तकात मिळेल, पण यंत्राला पुन्हा बोलतं करणारा हात त्या माणसाचा आहे.

पाणी नाही, रोजगार नाही, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा भागात कॅसेटचं काय घेऊन बसलात, असंही कोणी विचारेल. मला हा प्रश्न हलका वाटत नाही. पण मराठवाड्याची ओळख बाहेर फक्त दुष्काळाने, आत्महत्यांनी आणि अनुशेषाने होते, तीही आपण अशीच मान्य करत आलो आहोत. इथला माणूस त्याच वर्षांत गात होता, गाणं विकत घेत होता, पोटाला चिमटा काढून कॅसेट घेत होता. त्याच्या जगण्याचा हा भाग पुसला गेला, तर उरलेलं चित्र खोटं ठरतं. आणि या कामाला लागणारा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवापेक्षाही कमी आहे.

तेव्हा घरी कॅसेट असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. कव्हर फेकू नका, नावं त्याच्यावरच असतात. कॅसेट कुठे घेतली, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी वाजायची, त्यातल्या कोणाला तुम्ही ओळखता, हे एका कागदावर लिहा आणि कॅसेटसोबत जिल्हा ग्रंथालयात द्या. पोच मागा आणि दाखल नोंदवहीत तिचा क्रमांक पडला की नाही ते पाहून या. ग्रंथपाल म्हणाले की आमच्याकडे कॅसेटसाठी रकाना नाही, तर त्यांना कलम ५२ सांगा आणि तो रकाना पाडायला लावा. आणि गाणारे, वाजवणारे अजून हयात असतील, तर त्यांच्याकडे कॅसेटच्या आधी जा.